संथ जिवाचं तातडीचं विष

गोगलगाईनं मासा धरायचा म्हटलं तर पहिली अडचण वेगाची. मासा शेपटीच्या एका फटकाऱ्यात हातभर दूर जातो. तेवढंच अंतर कापायला गोगलगाईला मिनिटं लागतात. समजा तिनं माशाला विष टोचलं आणि तो अर्ध्या मिनिटानं मेला, तरी तिच्या पदरात काही पडत नाही. तेवढ्यात तो प्रवाळाच्या कपारीत शिरलेला असतो आणि आयता मेलेला मासा एखादा खेकडा खातो. अशा शिकाऱ्याला नुसतं जालीम विष असून भागत नाही. मासा जागच्या जागी थांबला पाहिजे. समुद्रातल्या कोन शंखांनी हे साधलं आहे. त्यांचा दात, त्यांच्या शिकारीच्या तऱ्हा, त्यांनी घेतलेले माणसांचे बळी आणि त्यांच्या विषातून निघालेलं औषध, हे सगळं मला या एकाच अडचणीची उत्तरं वाटतात.

शंकूच्या आकाराच्या या शंखांच्या हजाराच्या आसपास जाती आहेत. बहुतेक जाती वाळूतले किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगाई खातात आणि साधारण दहांतली एक जात मासे खाते. कोनस जिओग्राफस हा त्या थोड्या मासेखाऊंपैकी एक. लिनियसनं १७५८ साली त्याचं नामकरण केलं. लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत तो पसरलेला आहे. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत तो सापडतो. कोकणच्या वाळूच्या पुळणी हे त्याचं घर नव्हे. त्याला उथळ, उबदार पाणी आणि प्रवाळाचा आडोसा लागतो. दिवसा वाळूत किंवा खडकाच्या पोटाशी दडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर पडायचं, असा त्याचा शिरस्ता.

रिकामा शंख मिळाला तर तो निरखून पाहावा. लांबी दहा ते पंधरा सेंटिमीटर. त्या मानानं वजन फारच कमी, कारण कवच पातळ असतं. दुसरे कोन शंख हातात घेतले की चांगले वजनदार लागतात. किडे खाणाऱ्या कित्येक जातींचं कवच इतकं जाड असतं की खेकड्याला ते फोडताना नाकी नऊ यावेत. पिवळट पांढऱ्या, कधी गुलाबी छटेच्या पृष्ठभागावर तपकिरी जाळी आणि तिच्यात मोठमोठे डाग असतात. वरच्या चपट्या वेटोळ्याच्या काठावर बारीक उंचवट्यांची रांग असते. शंखाचं तोंड, म्हणजे जिथून प्राणी बाहेर येतो ती लांबट फट, खाली येताना रुंदावत जाते. कोन शंखांच्या बहुतेक जातींत ही फट अरुंद आणि सरळ असते. रुंद फट आणि हलकं कवच या दोन खुणा एकत्र दिसल्या तर सावध व्हावं. कवचात वाचवलेला खर्च या प्राण्यानं विषात घातला आहे, असं म्हणायला जागा आहे.

आता आतली हत्यारं. पुढच्या बाजूला एक नळी सतत बाहेर काढलेली असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं. आत वास ओळखणारा अवयव आहे; डोळे आहेत, पण शिकारीचा माग मुख्यतः वासावर निघतो. नळीच्या खाली तोंडाचा बाहेरचा, ताणता येणारा पडदा असतो, आणि त्याच्या आत सोंड. शंख दुखावला किंवा भुकेला असला की ही सोंड लांब होत जाते. साध्या गोगलगाईच्या तोंडात कानशीसारखी दातेरी पट्टी असते, तिनं ती शेवाळ खरवडते. कोन शंखाकडे ती पट्टी उरलेली नाही. तिच्या जागी सुटे दात आहेत. प्रत्येक दात म्हणजे कायटिनच्या, किड्यांच्या कवचात असतं त्या चिवट द्रव्याच्या, पातळ पत्र्याची गुंडाळी करून झालेली पोकळ सुई. टोकाला उलटे काटे, मागे जाड बूड. दातांची एक स्वतंत्र पिशवी असते. तिच्यात काही दात तयार आणि काही घडत असतात. वेळ आली की एक दात सोंडेच्या टोकाशी येऊन बसतो.

विष तयार होतं एका लांबलचक, गुंडाळलेल्या नळीत. ती उलगडली तर शंखाच्या लांबीच्या कितीतरी पट भरते. नळीच्या मागच्या टोकाला स्नायूंचा एक फुगा आहे. तो विष बनवत नाही, विष पुढे ढकलतो. फुगा आवळला गेला की विष नळीतून दातात, आणि दातातून भक्ष्यात. दात एकदाच वापरायचा. चुकला किंवा लागला, दोन्ही प्रकारांत तो टाकून द्यायचा आणि पुढच्या वेळी नवा घ्यायचा.

मासे धरण्याच्या या कुळात दोन तऱ्हा आहेत. पहिली गळाची. कोनस स्ट्रायाटस, कोनस मॅगस, कोनस पर्प्युरासन्स या जाती सोंड हळूहळू माशाच्या अंगाशी नेतात आणि दात मारतात. दाताचं बूड सोंडेनं घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे मासा निसटत नाही. विषातल्या घटकांचे इथे दोन गट काम करतात. एक गट नसांतले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतो आणि पोटॅशियमचे बंद करतो. दात लागला त्या जागेभोवतीच्या नसा एकदम पेटून उठतात, माशाचे पर ताठ होतात, अंग आखडतं. झटका बसावा तसा तो लाकूड होतो. हे एका-दोन सेकंदांत होतं. तोवर दुसरा गट रक्तातून पसरत मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप बंद पाडतो, आणि आखडलेला मासा लुळा पडतो. पहिल्या गटाशिवाय दुसरा निरुपयोगी, कारण तो पसरेपर्यंत मासा पळालेला असता. दुसऱ्याशिवाय पहिलाही अपुरा, कारण आखडणं थोड्या वेळानं ओसरतं. म्हणूनच या विषाचा विचार करताना एकेका घटकापेक्षा त्यांच्या जोडकामाकडे पाहावं लागतं.

दुसरी तऱ्हा जाळ्याची, आणि कोनस जिओग्राफस तीच वापरतो. रात्री प्रवाळाच्या कपारीत छोटे मासे दाटीवाटीनं विसावलेले असतात. शंख कपारीच्या तोंडाशी येतो आणि तोंडाचा बाहेरचा पडदा ताणू लागतो. तो इतका पसरतो की नरसाळ्यासारखं रुंद तोंड तयार होतं, पुढच्या बाजूला शंखाहूनही रुंद. ते माशांवर अलगद सरकत येतं. मासे जागे असले तरी फारसे हलत नाहीत, दिशा सुटल्यासारखे सुस्त दिसतात, आणि एकामागून एक आत जातात. पडदा मिटतो. मग आत, घाई न करता, शंख एकेका माशाला दात मारून लुळा करतो. काही तासांनी हाडं, खवले आणि वापरलेले दात एका गोळ्यात बाहेर टाकले जातात.

मासे पळत का नाहीत, हा प्रश्न इथे पडतोच. दात तर अजून लागलेलाच नसतो. २०१५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या हेलेना सफावी-हेमामी, बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाचं एक उत्तर मांडलं: या शंखाच्या विषात इन्सुलिन आहे. थोडंथोडकं नव्हे, भरपूर. शिवाय ते गोगलगाईच्या इन्सुलिनसारखं नसून माशाच्या इन्सुलिनसारखं आहे. गोगलगाईला स्वतःच्या शरीरासाठी लागणारं इन्सुलिन वेगळं असतं आणि ते तिच्याकडे आहेच. हे दुसरं केवळ माशांसाठी. प्रयोगात हे इन्सुलिन तयार करून झेब्राफिश माशांना टोचलं तेव्हा त्यांची रक्तातली साखर उतरली, आणि ते पाण्यात मिसळलं तेव्हा माशांच्या पिल्लांचं पोहणं मंदावलं. विषातला हा भाग पाण्यात सुटत असावा, कल्ल्यांतून माशाच्या रक्तात जात असावा आणि साखर पडल्यामुळे मासे सुस्तावत असावेत, असा या संशोधकांचा निष्कर्ष. मधुमेह असलेल्या घरात साखर अचानक उतरली की माणूस कसा गोंधळतो, हातपाय कसे गळतात, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. कपारीतल्या माशांची अवस्था त्याच जातीची.

२०२४ मध्ये याचा पुढचा भाग कळला. साखर उतरली की शरीर ग्लुकॅगॉन हे संप्रेरक सोडून ती पुन्हा वर आणायला पाहतं. या शंखाच्या विषात सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाची नक्कल करणारा एक रेणूही आहे आणि तो नेमकं ग्लुकॅगॉनच दाबतो. म्हणजे इन्सुलिननं साखर खाली आणायची आणि दुसऱ्या रेणूनं ती वर चढण्याची वाट अडवायची. वैद्यकशास्त्राला हे दोन्ही हात ओळखायला विसावं शतक लागलं. शंखाकडे ते एकाच नळीत आहेत.

या इन्सुलिनच्या घडणीकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण औषधाच्या दृष्टीनं सगळी मौज तिथेच आहे. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात, अ आणि ब अशा दोन साखळ्यांत विभागलेली. स्वादुपिंडात ते साठवलं जातं तेव्हा सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र येऊन गठ्ठा बांधतात. साठवणीला हे सोयीचं, पण टोचलेल्या औषधाच्या बाबतीत अडचणीचं: गठ्ठा सुटून एकेक रेणू मोकळा होईपर्यंत काम सुरू होत नाही. साधं इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्या असं डॉक्टर सांगतात, ते यासाठीच. लवकर लागू पडणारी आधुनिक इन्सुलिनं म्हणजे हे गठ्ठे सैल करण्याच्या खटपटी आहेत. शंखाचं इन्सुलिन ४३ अमिनो आम्लांचं, निसर्गातलं माहीत असलेलं सर्वांत लहान. त्याच्या ब साखळीचं शेपूट मुळातच नाही, आणि गठ्ठा बांधण्यात वाटा असतो तो याच शेपटाचा. त्यामुळे ते सुटंच राहतं आणि लगेच कामाला लागतं. पळू पाहणाऱ्या माशासाठी अर्धा तास थांबणं शंखाला परवडणारंच नव्हतं.

घोळ इतकाच की माणसाच्या इन्सुलिनला पेशीवरच्या कुलपाशी जुळवून घ्यायलाही तेच शेपूट लागतं. ते नुसतं छाटून टाकलं तर इन्सुलिन जवळजवळ निकामी होतं. शंखानं ही उणीव साखळीतल्या दुसऱ्या जागांवरची अमिनो आम्लं बदलून भरून काढली आहे. त्याच युक्तीवर २०२० मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं एक आखूड रूप तयार झालं: शेपूट नाही, चार ठिकाणी बदल, आणि ताकद मूळ इन्सुलिनच्या तोडीची. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ते चाललं. औषधाच्या दुकानापर्यंत ते आलेलं नाही, आणि त्यावर विसंबून आजच्या उपचारात कुणी काही बदल करू नये.

हे विष माशांसाठी आहे, तर मग माणसं का मरतात? याचं उत्तर २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या सेबास्तियाँ ड्युटर्त्र, रिचर्ड लुईस आणि सहकाऱ्यांच्या कामातून मिळालं. कोनस जिओग्राफस एकाच नळीत दोन वेगवेगळी विषं तयार करतो. फुग्याजवळच्या भागात बचावाचं, सोंडेकडच्या भागात शिकारीचं. शिकार समोर असली की एक बाहेर येतं, शंखाला धोका वाटला की दुसरं. स्नायू लुळे पाडणारे जहाल घटक बचावाच्या विषात मोठ्या प्रमाणात असतात. शंख उचलणारा हात त्याच्या लेखी त्याला फोडून खायला आलेला शत्रू असतो, आणि त्या हाताला मिळतं ते शत्रूसाठी राखलेलं विष. मुळात किडे खाणाऱ्या या कुळातल्या काही जाती माशांकडे वळल्या त्यासुद्धा बचावाचं विष शिकारीला कामी येऊ लागल्यामुळे असाव्यात, असं या संशोधकांनी सुचवलं. मला ते पटतं.

माणसाला होणाऱ्या दंशाची लेखी नोंद तीनशे वर्षांहून जुनी आहे. इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर राहिलेल्या रम्फियस या निसर्ग-अभ्यासकाचा शंखांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये छापला गेला. जाळं ओढताना मिळालेला असा एक शंख हातात धरलेली बांदा बेटावरची एक गुलाम स्त्री मरण पावली, असं त्यात आहे. ऑस्ट्रेलियात हेमन बेटावर १९३५ साली सत्तावीस वर्षांचा एक तरुण कोनस जिओग्राफसच्या दंशानं काही तासांत गेला. शंख तळहातावर धरून तो सुरीनं वरचा थर खरवडत होता. आजवर नोंदलेले मृत्यू तीस-पस्तीसच्या आसपास आहेत आणि त्यांतले बहुतेक याच एका जातीच्या खात्यावर आहेत. इतक्या शतकांत एवढेच, म्हणून हसण्यावारी नेऊ नये. बेटांवरच्या किती मृत्यूंचं कारण कधी लिहिलंच गेलं नसेल.

या दंशातला फसवा भाग म्हणजे तो फारसा दुखत नाही. कधी कधी सुई टोचल्याइतकंच जाणवतं. मग ओठ आणि जीभ बधिर होतात, पापण्या जड होऊन खाली येतात, एकाची दोन दिसू लागतात, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही. हातापायांतली ताकद जाते. शेवटी छातीचे स्नायू आणि श्वासपटल थांबतं, आणि मृत्यू येतो तो गुदमरून. कारण अगदी नेमकं आहे. या विषातला जीआय हा तेरा अमिनो आम्लांचा इवलासा रेणू मज्जातंतूनं पाठवलेला निरोप स्नायूला घेऊ देत नाही, आणि बावीस अमिनो आम्लांचा जीआयआयआयए स्नायूतले सोडियमचे मार्ग बुजवतो. दोन्हीकडून स्नायूची कोंडी.

पण याच कारणात आशाही आहे. हे विष ऊती कुजवत नाही, स्नायू जाळत नाही. ते काही तास मार्ग अडवून बसतं आणि मग शरीर त्याला बाहेर टाकतं. तेवढा वेळ दुसऱ्या कुणी रोग्याचा श्वास चालवला तर माणूस वाचतो. यावर उतारा नाही, लस नाही. श्वास हाच उपचार. म्हणून दंश झाला की पहिल्या मिनिटापासून करायचं ते असं. माणसाला आडवं करा आणि चालू देऊ नका, कारण हालचालीनं विष वेगानं पसरतं. दंशाच्या जागेपासून सुरुवात करून सगळ्या हाताला किंवा पायाला रुंद क्रेप बँडेज गुंडाळा, मुरगळल्यावर बांधतो तितपत घट्ट. बोटांचा रक्तप्रवाह थांबता कामा नये. हात असेल तर फळी बांधून झोळीत, पाय असेल तर दोन्ही पाय एकत्र बांधून स्थिर. दोरीनं करकचून आवळणं, जखम चिरणं, तोंडानं ओढणं, यांतलं काहीही करू नका. बांधलेलं बँडेज रुग्णालयात पोचेपर्यंत सोडू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करताना समुद्री विषबाधा आहे आणि व्हेंटिलेटर लागू शकतो हे स्पष्ट सांगा. श्वास मंदावला तर तोंडानं श्वास द्या, आणि मदत येईपर्यंत थांबवू नका. रोगी डोळे मिटून निपचित पडला तरी तो शुद्धीवर असू शकतो, त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. त्याच्याशी धीरानं बोलत राहा.

दंश टाळणं याहून कितीतरी सोपं आहे. जिवंत कोन शंख उचलायचाच नाही. रुंद बाजूनं धरला की धोका नाही, असा एक सल्ला शंख जमवणाऱ्यांत फिरत असतो. तो चुकीचा आहे. सोंड लांब होऊन मागे वळते आणि कवचाच्या जवळपास कुठल्याही भागापर्यंत पोचते, त्यामुळे धरायला सुरक्षित असं टोक नाही. कापडी हातमोजा, पोहण्याचा पोशाख, कमरेची पिशवी यांतून दात आरपार जातो. पोशाखाच्या बाहीत शंख खोचून किनाऱ्यावर आणणं हा तर सगळ्यांत वाईट प्रकार. शंख रिकामा आहे असं वाटलं तरी आतला प्राणी खोल आत ओढलेला असू शकतो, आणि तो पाण्याबाहेरही बराच काळ जिवंत राहतो. लक्षद्वीपला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी मुलांना ही गोष्ट बोटीवर चढण्याआधीच समजावून सांगावी. सुंदर दिसणाऱ्या वस्तूकडे मुलाचा हात आधी जातो, आणि हा शंख फार सुंदर आहे.

विषातून औषध निघालं ती हकिगत मनिलापासून सुरू होते. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेत शिकून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपिन्सला परतले. ते डीएनएवर काम करणारे, पण तिथे त्यासाठी लागणारी महागडी साधनं नव्हती. फिलिपिन्सच्या समुद्रात कोनस जिओग्राफस होता, विष वेगळं करायला साधी उपकरणं पुरणार होती. लूर्देस क्रूझ यांच्यासोबत त्यांनी ते काम हाती घेतलं. विष उंदराच्या पोटात टोचायचं आणि कोणता घटक त्याला लुळा पाडतो ते पाहायचं, ही पहिली पद्धत. तिनं लुळे पाडणारे घटक मिळाले, आणि एवढ्यावरच संपलं असं वाटू लागलं. पुढे युटामध्ये क्रेग क्लार्क नावाच्या कॉलेजातल्या मुलानं सुचवलं की विषातले वेगवेगळे घटक थेट उंदराच्या मेंदूत टोचून पाहू. तेव्हा उंदीर नुसते लुळे पडेनात. एका घटकानं झोपले, दुसऱ्यानं गोल गोल फिरले, तिसऱ्यानं थरथरले. एका झोपवणाऱ्या घटकानं तर लहान पिल्लं झोपी जायची आणि मोठे उंदीर मात्र अस्वस्थ होऊन धावत सुटायचे. कळलं ते असं की शंखाच्या विषात शंभराहून अधिक रेणू असतात आणि प्रत्येकाचं नसांवरचं लक्ष्य वेगळं. शाळेतून नुकताच बाहेर पडलेल्या मायकेल मॅकिन्टॉशनं कोनस मॅगसच्या विषातून थरथर आणणारा घटक वेगळा केला. पंचवीस अमिनो आम्लं, गंधकाचे तीन दुवे.

तोच रेणू जसाच्या तसा प्रयोगशाळेत बनवून झायकोनोटाइड हे वेदनाशामक झालं. अमेरिकेत २००४ च्या डिसेंबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. तो नसांतले कॅल्शियमचे एका प्रकारचे मार्ग बंद करतो. माशांत हे मार्ग स्नायू हलवण्याच्या निरोपासाठी असतात, म्हणून मासा लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत स्नायूंचा निरोप दुसऱ्या प्रकारच्या मार्गांनी जातो, आणि हेच पहिल्या प्रकारचे मार्ग मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे नेतात. शंखानं माशाच्या हालचालीसाठी घडवलेली किल्ली आपल्या वेदनेच्या दाराला लागते. कुणी आखून हे साधलं नसतं.

औषध म्हणून ते सोपं मात्र नाही. गोळीतून दिलं तर पोटात पचून जातं. शिरेतून दिलं तर रक्तदाब खाली येतो. म्हणून पोटाच्या कातडीखाली पंप बसवून बारीक नळीनं थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं. सुरुवात दिवसाला २.४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त करायची नाही, वाढवायचं ते आठवड्यात दोन-तीनदापेक्षा जास्त नाही, आणि कमाल मर्यादा १९.२ मायक्रोग्रॅम. ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत हा हिशेब आहे. मात्रा घाईनं वाढवली की भोवळ, गोंधळ, भास सुरू होतात. पूर्वी मनोविकाराचे झटके आलेल्या रोग्याला ते द्यायचंच नसतं. गुण असे की मॉर्फिनसारखी सवय लागत नाही, ते श्वास मंदावत नाही आणि अचानक बंद केलं तरी शरीर बंड करत नाही. दुसरं काहीच लागू न पडणाऱ्या थोड्या रोग्यांसाठी ते आहे. त्यांच्यासाठी ते फार मोलाचं आहे.

संशोधनासाठी विष मिळवताना पूर्वी शंख मारून त्याची विषनळी काढत. एका शंखातून एकदाच. आता गळाच्या तऱ्हेच्या जातींचं विष जिवंतपणी काढता येतं. छोट्या प्लॅस्टिकच्या नळीचं तोंड पातळ रबराच्या पडद्यानं बंद करायचं आणि पडद्यावर माशाच्या पराचा एक तुकडा ठेवायचा. नळी चिमट्यानं शंखापुढे धरली की वासावर सोंड पुढे येते आणि पराच्या आडून पडद्यात दात मारते. विष नळीच्या आत पडतं. काही मायक्रोलिटर. ते सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाशी आणायचं आणि गोठवून ठेवायचं. शंखाचं पोट भरलेलं असेल तर तो ढुंकूनही पाहत नाही, म्हणून खाण्याचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. नुसता पर दाखवून फसवत राहिलं तर तो पुढे पुढे दात मारेनासा होतो. मधून मधून खरा मासा द्यावाच लागतो. सोंडेनं दात धरलेला असताना नळी खेचली तर सोंडेला इजा होते. तो आपण होऊन सोडेपर्यंत थांबणं बरं. कोनस जिओग्राफस आधी माशाला पडद्यात घेतो आणि मग टोचतो, त्यामुळे त्याच्यासाठी ही रीत बदलावी लागते.

आपल्या किनाऱ्यांवरच्या कोन शंखांवरही काम झालं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून (टीआयएफआर) पुढे बंगळुरूला गेलेले के. एस. कृष्णन आणि भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम यांच्या गटांनी कोनस अमाडिस या जातीच्या विषातून एएम२७६६ हा रेणू वेगळा केला. सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होऊ न देणं हे त्याचं काम. भारताच्या समुद्रातल्या कितीतरी जातींचं विष अजून कुणी उघडूनही पाहिलेलं नाही. कोनस मिलनेएडवर्डसी ही उंच, निमुळती जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिचा शंख बाळगणं हा वाघाचं कातडं बाळगण्याच्याच वर्गातला गुन्हा. प्रवाळालाही तेच संरक्षण आहे. तरी पर्यटनस्थळी दुकानांत शंखांच्या राशी दिसतात, आणि त्यांतले बरेचसे जिवंत असतानाच उकळून रिकामे केलेले असतात. चकाकी असलेला, ओरखडा नसलेला शंख किनाऱ्यावर आपोआप येत नाही. लाटांनी आणलेला शंख फिका आणि झिजलेला असतो. घेणाऱ्यानं एवढं ओळखलं तरी बाजाराला थोडा आळा बसेल.

मोठा धोका मात्र दुकानांचा नाही. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये तापलेल्या पाण्यानं पांढरे पडले. मेलेलं प्रवाळ ढासळलं की कपारी जातात, कपारींबरोबर रात्री तिथे विसावणारे छोटे मासे जातात, आणि त्यांच्यावर जगणारा शंखही. तिथल्या उथळ पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या हातात त्यातलं फार थोडं आहे, पण एक गोष्ट नक्की आहे. कोन शंखाची मादी अंड्यांच्या चपट्या पिशव्या दगडांच्या आणि मेलेल्या प्रवाळाच्या खालच्या बाजूला चिकटवते. काय दडलंय म्हणून उलटलेला दगड तसाच सोडून दिला तर ती ऊन लागून आणि माशांच्या तोंडी पडून संपतात. दगड उलटू नये. उलटलाच असेल तर बोटं कपारीत न घालता, काठीनं किंवा लांब चिमट्यानं, होता त्याच कुशीवर परत ठेवावा.